हंगामाचे काम आणि क्षणाची दाद

राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संशोधकांची खरी परीक्षा वर्षातून एकदा होते. कागदोपत्री ती संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीची बैठक. बोलण्यात सगळे तिला ‘जॉइंट ॲग्रेस्को’ म्हणतात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीचे पैदासकार, कीटकशास्त्रज्ञ, मृदाशास्त्रज्ञ तिथे आपापली शिफारस घेऊन उभे राहतात. तिच्यामागे काही हंगामांची आकडेवारी असते, वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचण्या असतात, खर्च आणि उत्पन्नाचा हिशेब असतो, आणि समोर बसलेली जाणकार मंडळी त्यातल्या प्रत्येक आकड्याची सालपटे काढतात. त्यातून तरलेली शिफारसच शेतकऱ्यापर्यंत जायची, असा दंडक आहे. नवे वाण प्रसारित व्हायचे तर आठ-दहा वर्षे सहज जातात. याच संशोधकाच्या खिशात आता फोन आहे. रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपच्या गटावर पानाचा फोटो येतो, खाली ‘सर, काय मारू?’ एवढाच प्रश्न असतो, आणि दोन ओळींचे उत्तर दिले की पाच मिनिटांत जोडलेल्या हातांच्या चिन्हांची रांग लागते. एकाच माणसाच्या कामाला या दोन कसोट्या एकाच वेळी लागू झाल्या, की त्याचे कामाकडे पाहणे बदलते का, बदलत असेल तर कसे, हा या लेखाचा विषय आहे.

या प्रश्नावर दोन ठरलेली उत्तरे मिळतात. वरिष्ठांना विचारले तर समाजमाध्यमांमुळे तरुण संशोधक कामचुकार झाले. विस्तार शिक्षणातल्या मंडळींना विचारले तर समाजमाध्यमांमुळे ज्ञान बांधावर पोचले आणि संशोधकांचा उत्साह दुणावला. दोन्ही उत्तरांत फोन हाच कर्ता आहे आणि संशोधक नुसता घडवला जाणारा. मला ही मांडणीच चुकीची वाटते. उपलब्ध पुरावा नीट वाचला तर असे दिसते, की समाजमाध्यम माणसाला आळशी किंवा उद्योगी करत नाही. ते त्याच्या कामाची दाद कोणी आणि किती लवकर द्यायची, हे बदलते. आणि संस्थेची स्वतःची दाद जितकी उशिरा आणि जितकी कंजूषपणे मिळते, तितका हा बदल खोल जातो.

आधी पुराव्याची प्रत पाहू. कृषी संशोधक आणि समाजमाध्यमे या विषयावर भारतात आणि आफ्रिकेतल्या काही देशांत झालेले बरेचसे काम प्रश्नावलीचे आहे. एखाद्या विद्यापीठातल्या शे-दोनशे जणांना पाच पायऱ्यांच्या मापावर खुणा करायला सांगायचे, ‘समाजमाध्यमांमुळे माझी कामातली गोडी वाढली’ यासारख्या विधानांवरच्या गुणांची बेरीज करायची आणि वापराच्या तासांशी तिचा सहसंबंध काढायचा. सहसंबंध बहुधा सकारात्मक येतो, आणि निष्कर्षात ‘वापराचा कामाच्या वृत्तीवर चांगला परिणाम होतो’ असे लिहून टाकतात. यात दोन भोके आहेत. मुळात उत्साही असलेला संशोधकच गटांवर जास्त बोलत असेल, तर बाण उलट्या दिशेने जातो, आणि एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून ही दिशा कळण्याचा मार्ग नाही. दुसरे म्हणजे आपण फोनवर किती वेळ घालवतो, याचा माणसाचा अंदाज कच्चा असतो. स्वतः सांगितलेला वेळ आणि यंत्रात नोंदलेला वेळ यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये 2021 साली आला, दोहोंतला मेळ मध्यमच निघाला. खताची मात्रा अंदाजाने सांगितलेला प्रयोग ॲग्रेस्कोत कोणी पुढे जाऊ देणार नाही. वृत्तीच्या अभ्यासात मात्र तो चालून जातो.

प्रश्नावलीतूनच, पण जरा बारकाईने केलेले काम उपयोगी पडते. अली-हसन, नेव्हो आणि वेड यांनी 2015 साली कंपनीतल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करताना समाजमाध्यमाचा ‘वापर’ एकसंध धरला नाही. ओळखी जोडण्यासाठीचा, माहिती मिळवण्या-देण्यासाठीचा आणि निव्वळ करमणुकीसाठीचा, असे त्याचे भाग पाडले. पहिल्या दोहोंचा कामाला फायदा दिसला. करमणुकीच्या वापराने नेहमीच्या कामाची थेट हानी झाली, पण त्यातूनच जुळलेल्या नात्यांनी आडवाटेने थोडी भरपाईही केली. म्हणजे तास मोजून काही हाती लागत नाही. कशासाठी, हे विचारावे लागते. ‘नेचर’ने 2014 मध्ये 95 देशांतल्या साडेतीन हजारांवर संशोधकांची पाहणी केली, तेव्हा रिसर्चगेट बहुतेकांना ठाऊक होते, पण अनेकांचा तिथला वापर ‘कोणाला गाठायचे असेल तर सापडावे’ एवढ्यापुरताच होता. ट्विटरवरचे मात्र चर्चा करत होते. संशोधकांचे दोन माध्यमांतले वागणे जर इतके वेगळे, तर ‘समाजमाध्यमांचा परिणाम’ असा एकच आकडा काढण्यात फारसा अर्थ नाही.

लक्ष विचलित होण्याचा मुद्दा टाळता येत नाही. ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांच्या 2008 च्या प्रयोगात व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवले, पण अधिक ताण आणि चिडचिड सोसून. सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये दाखवले, की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळले, तर लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. शेतीसंशोधनात याची झळ सगळ्या कामांना सारखी बसत नाही. कपाशीच्या संकराचे काम घ्या. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, पाकळ्या आणि पुंकेसर नखाने अलगद काढायचे, स्त्रीकेसराला इजा होऊ द्यायची नाही, झाकून दोरा बांधायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलाचे पराग लावायचे. इथे हात अडकलेले असतात आणि वेळ पिकाने ठरवलेली असते. फोन वाजला तरी कळी थांबत नाही. असे काम स्वतःचे रक्षण स्वतः करते. मार खाते ते टेबलावरचे काम: नोंदवहीतली आकडेवारी संगणकात चढवणे, विश्लेषण, निबंधाचा मसुदा. आणि तो मसुदा लांबला, तर त्याची विचारपूस करायला कोणी येत नाही. तरीही व्यत्यय हा माझ्या मते दुय्यम प्रश्न आहे. फोन बंद करून तो सुटतो. ज्याने कामाचा अर्थच हलतो, ती गोष्ट फोन बंद करून सुटत नाही.

ती गोष्ट म्हणजे दाद. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1959 च्या पुस्तकात अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून मांडले, की पगार आणि सोयी कमी पडल्या तर माणूस नाराज होतो, पण त्याला कामात रस वाटतो तो यशामुळे आणि ओळख मिळण्यामुळे. त्यांच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली, ती रास्तही होती. तरी ओळखीचे महत्त्व कोणी खोडून काढले नाही. आता कृषी विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाला ओळख कुठून मिळते ते पाहा. बढतीसाठी गुणपत्रक, त्यात शोधनिबंध, आणि निबंधाची किंमत राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने, म्हणजे ‘नास’ने, त्या नियतकालिकाला दिलेल्या गुणांवरून. निबंध छापून यायला वर्ष-दीड वर्ष. वाण निघालेच तर श्रेय वाटले जाते, आणि तोवर मूळ पैदासकार कधीकधी निवृत्त झालेला असतो. रिक्त पदांमुळे शिकवणे, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही ओझी एकाच खांद्यावर. बरे, यातल्या विस्ताराला, म्हणजे शेतकऱ्याच्या शंकेला उत्तर देण्याला, गुणपत्रकात जवळजवळ किंमत नाही. अशा माणसाला गटावर पाच मिनिटांत ‘साहेब, तुमच्यामुळे प्लॉट वाचला’ असे कोणी लिहिले, तर त्याला ते हवेसे वाटेल, यात त्याचा काय दोष?

दोष नाही, पण परिणाम आहे. एडवर्ड डेसी यांनी 1971 मध्ये केलेल्या कोडी सोडवण्याच्या प्रयोगात, ज्यांना पैसे दिले त्यांनी पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात त्या कोड्यांना कमी हात लावला. शब्दांच्या कौतुकाने मात्र तसे झाले नाही, हे आवर्जून सांगायला हवे. त्यामुळे ‘लाईकमुळे गोडी मरते’ असा सरळ निष्कर्ष यातून निघत नाही. निघतो तो वेगळाच: कौतुक ज्याचे होते, ते काम माणूस अधिक करतो. आणि गटावर कौतुक उत्तराचे होते, प्रश्नाचे नाही. संशोधकाचा धंदा मुळात शंका धरून बसण्याचा. ‘दोन हंगाम पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही’ हे ॲग्रेस्कोत शहाणपणाचे वाक्य आहे, आणि रात्री साडेनऊच्या गटावर नामुष्कीचे. हजार जणांसमोर ‘मला निश्चित सांगता येत नाही’ असे लिहायला धैर्य लागते, कारण तेवढ्यात दुसरा कोणीतरी औषधाचे नाव टाकून मोकळा झालेला असतो. हळूहळू खात्रीने बोलण्याची सवय लागते, आणि मग ती शेतावरच्या प्रयोगातही शिरते. तीन पुनरावृत्त्यांऐवजी एक प्रात्यक्षिक, तुलनेच्या वाफ्याऐवजी ‘आधीचा आणि नंतरचा’ फोटो. वृत्तीतला बदल म्हणतात तो मला इथे दिसतो. कामाच्या तासांत तो शोधून सापडायचा नाही.

पानाच्या फोटोवरून निदान करणे किती निसरडे आहे, हे जाणकारांना सांगायला नको. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, तर अन्नद्रव्याची कमतरता असेल, मुळे गुदमरलेली असतील, तणनाशकाचा वारा लागलेला असेल किंवा विषाणू असेल. पान झाडावरचे वरचे की खालचे, पानाची मागची बाजू कशी आहे, सगळ्या शेतात आहे की ठिपक्याठिपक्यांनी, मागच्या आठवड्यात काय फवारले, यांतले फोटोत काहीच नसते. चांगला संशोधक हे प्रश्न विचारतो. पाच प्रश्न उलट विचारणाऱ्याला दाद कमी मिळते. शिवाय कायद्याची अडचण आहे. कीडनाशकाची शिफारस केंद्रीय कीटकनाशक मंडळाकडे त्या पिकावर, त्या किडीसाठी नोंद असेल तरच करायची. गटावरचे दोन ओळींचे उत्तर ही लेखी शिफारसच असते, फक्त तिला समितीची मान्यता नसते. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले. त्याची कारणे अनेक होती, आणि त्यांत समाजमाध्यमाला गोवण्याचे काही कारण नाही. पण कीडनाशकाच्या एका सैल वाक्याची किंमत काय असू शकते, हे त्या वर्षाने सगळ्यांना दाखवले.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. 2018 मध्ये कर्नाटकात शिवमोगा भागात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी देशात पहिल्यांदा नोंदली गेली आणि काही महिन्यांत ती महाराष्ट्रातही आली. डोक्यावरची उलट्या वाय अक्षरासारखी खूण आणि शेवटाकडचे चौकोनात बसलेले चार ठिपके, ही ओळख छापील पुस्तिकेतून पोचायला पुढचा हंगाम उजाडला असता. फोटोतून ती काही दिवसांत गावोगाव गेली. मे 2020 मध्ये नगर, पुणे, सातारा, नाशिक या पट्ट्यातल्या टोमॅटोवर फळे वेड्यावाकड्या रंगाने पिकू लागली. त्याला ‘तिरंगा व्हायरस’ हे नाव पडले, आणि टोमॅटो खाल्ल्याने माणसाला धोका आहे अशी बोंब उठली. करोनाचा काळ, टाळेबंदी, त्यात ही अफवा. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेतल्या तपासणीत निघाला तो काकडीवरच्या मोझॅकचा विषाणू आणि त्याच्या जोडीने इतर वनस्पती विषाणू. माणसाशी त्यांचा संबंध नाही. पण प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत बाजार थांबत नाही. वनस्पतींचा विषाणू माणसाला बाधत नाही, एवढे एक वाक्य त्या दिवसांत जाहीरपणे सांगणारा संशोधक त्याच्या वर्षभरातल्या कोणत्याही निबंधापेक्षा उपयोगी काम करत होता. इथे खात्रीने बोलणे योग्य होते, कारण खात्री आधीच सिद्ध झालेली होती.

आपल्याच बिरादरीत दाद मिळवण्यासाठी एक्स (पूर्वीचे ट्विटर), लिंक्डइन, रिसर्चगेट वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी, आणि थोडक्यात आटपण्यासारखी. निबंध ट्विट केला की उद्धृते वाढतात, हा समज पक्का आहे. वक्षशल्यचिकित्सेतल्या 112 निबंधांच्या यादृच्छिक चाचणीत, 2021 मध्ये, ट्विट केलेल्यांना वर्षभरात अधिक उद्धृते मिळाली. 2024 मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये आलेल्या चाचणीत अकरा संशोधकांनी 110 निबंध ट्विट केले, 440 तुलनेसाठी बाजूला ठेवले, तीन वर्षांनी उद्धृतांतला फरक सांख्यिकीच्या कसोटीवर टिकला नाही, डाउनलोड मात्र वाढले. शेतीविज्ञानाला दुसरी चाचणी अधिक जवळची, कारण तीतले संशोधक जीवशास्त्राच्या अंगाने काम करणारे होते. नील हॉल यांनी 2014 मध्ये गमतीने ‘कार्दाशियन निर्देशांक’ काढला होता, अनुयायी आणि उद्धृते यांच्या गुणोत्तराचा. अशा चेष्टेत गुणपत्रकाइतका तरी तथ्यांश असतो.

आता सर्वांत बळकट आक्षेप. संशोधक गप्प बसला, तर शेतकरी गप्प बसत नाही. तो कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर जातो, आणि तिथला सल्ला देणाराच औषधही विकतो. यूट्यूबवर ‘एकरी शंभर टन’ सांगणाऱ्यांची वाण नाही. मग अर्धेकच्चे का होईना, पण निःस्वार्थ उत्तर देणारा संशोधक बरा नव्हे का? हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच बंदीची परिपत्रके मला हास्यास्पद वाटतात. पण आक्षेपाने सिद्ध होते ते एवढेच, की उत्तर दिले गेले पाहिजे. ते एकेका माणसाने स्वतःच्या रात्रीतून, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या जोखमीवर द्यावे, असे त्यातून सिद्ध होत नाही. स्त्री संशोधकाचा नंबर हजारांच्या गटात फिरू लागला की त्या जोखमीला आणखी एक पदर येतो, आणि त्यावर कोणी बोलत नाही. संस्थेने पाळी लावून उत्तरे दिली, कोणता प्रश्न कुठल्या तालुक्यातून किती वेळा आला याची नोंद ठेवली आणि ते काम गुणपत्रकात धरले, तर तीच दाद संस्थेच्या खात्यात जमा होईल. नमुना घरचाच आहे. 2008 मध्ये सोयाबीनवर अळ्यांनी धुमाकूळ घातल्यानंतर 2009-10 पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ ही कीडरोग सर्वेक्षणाची योजना सुरू झाली. ठरलेल्या शेतांत ठरलेल्या दिवशी निरीक्षणे घ्यायची, आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली की सल्ला द्यायचा. गटावरचे शेकडो फोटो म्हणजे फुकटात आलेली निरीक्षणेच. उत्तर मिळाले की ती वर सरकतात आणि नाहीशी होतात.

दुसरा आक्षेप असा, की यात नवे काय? दूरदर्शनच्या ‘आमची माती आमची माणसं’मध्ये, आकाशवाणीवर, पुढे 2005 पासून ‘ॲग्रोवन’ दैनिकामध्ये संशोधक बोलत-लिहीत होतेच, आणि लोकप्रियही होत होते. फरक दोन आहेत. तिथे मध्ये संपादक होता, आणि लिहिणे व छापणे यांच्यात काही दिवस होते. त्या दिवसांत माणूस आपलेच वाक्य पुन्हा वाचत असे. आणि तिथे दादेचा आकडा समोर दिसत नव्हता. तिसरा आक्षेप मनःस्वास्थ्याचा: फोन सोडला की माणूस सुखी होतो, म्हणजे कामातही रमेल. ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये अमेरिकेत 2700 हून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगात चार आठवडे फेसबुक बंद ठेवणाऱ्यांना दिवसाला सरासरी तासभर मोकळा मिळाला आणि समाधान थोडेसेच वाढले. नुसते चाळत बसणे वाईट आणि बोलणे चांगले, हा लाडका भेदही 2022 च्या आढाव्यात बहुतेक अभ्यासांत टिकलेला दिसला नाही. सुखाच्या वाटेने कामाच्या वृत्तीपर्यंत पोचता येत नाही.

या चर्चेत क्वचितच येणारी एक बाब मात्र मला सर्वांत बोचते. कृषी विज्ञान केंद्रांत आणि विद्यापीठांत समाजमाध्यमाची सक्ती बऱ्याचदा वरूनच येते. कार्यक्रम झाला की फोटो टाका, बॅनर दिसला पाहिजे, स्थळाची नोंद असली पाहिजे, संध्याकाळी गटावर पोचले पाहिजे. रात्री अकराला आलेल्या आदेशाला निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे तो पोचला असे धरले जाते. ज्या संस्था तरुणांच्या फोनवेडाची तक्रार करतात, त्याच फोटो नसलेले काम झालेच नाही असे मानायला त्यांना शिकवतात. तीन वर्षे एका वाफ्यातल्या मुळांची लांबी मोजणाऱ्याकडे फोटो काढण्यासारखे काही नसते. प्रकल्पावर कंत्राटाने आलेला वरिष्ठ संशोधन सहायक हे पहिल्या महिन्यात ओळखतो, आणि त्याची वृत्ती तिथे घडते. त्याच्या खासगी इन्स्टाग्रामचा त्यात वाटा असेलही, पण तो नंतरचा.

हे सगळे तपासून पाहता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी पुन्हा प्रश्नावली वाटायची गरज नाही. मक्यापासून 1957 मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांत तीच वाणे, तीच आखणी, त्याच हंगामात अनेक केंद्रांवर पेरली जातात. प्रत्येक चाचणीचा विचरण गुणांक अहवालात छापलेला असतो. तो फार चढला की त्या केंद्राची आकडेवारी बाद धरतात. गाळलेल्या नोंदी, उशिरा आलेले तक्ते, बाद झालेल्या चाचण्या, हे सगळे वर्षानुवर्षे कागदावर आहे. कामाची काळजी मोजायला यापेक्षा चोख माप सापडणे कठीण, कारण ते कोणाच्या मताला विचारत नाही. काही केंद्रांवर शंकानिरसनाची पाळी आणि त्याला गुण, काही केंद्रांवर आजचीच पद्धत, अशी तीन हंगाम विभागणी करून या आकड्यांत काय फरक पडतो ते पाहावे. ज्यांना वाण तपासण्यासाठी तीन हंगाम थांबता येते, त्यांना स्वतःच्या कामाची पद्धत तपासायलाही तेवढे थांबायला हरकत नसावी.